मुलांना खेळात कितव्या वर्षी घालायचं? पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, संध्याकाळी ग्राउंडवर लहान मुलांची बॅच पण घेते, आणि स्वतः खो-खो खेळलेली आहे. मार्च संपत आला की पालकांचे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. सगळं वाचायला वेळ नसेल तर तुमच्या मुलाच्या वयाचा प्रश्न शोधा आणि तेवढा नीट वाचा.

सरळ एक आकडा सांगा ना, कितव्या वर्षी सुरू करायचं?

आकडा हवाच असेल तर क्लासला ६-७ वर्षं, आणि एकच खेळ धरून त्याच्या मागे लागायला १४-१५ च्या पुढे. पण नुसतं खेळायला म्हणाल तर मूल चालायला लागलं त्याच दिवसापासून. गोंधळ होतो तो इथे, की या तिन्ही गोष्टी आपण एकदम सुरू करायला बघतो, चार वर्षांच्या पोराला अ‍ॅकॅडमीत घालतो, सगळं किट घेतो आणि सहा महिन्यांत विचारतो की मॅडम, याचं पुढे काही होईल का. चौथ्या वर्षी ते कोणीच सांगू शकत नाही आणि जो सांगतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. मी मुलाकडे बघताना एकच बघते, हे मूल चौदाव्या वर्षी पण स्वतःहून ग्राउंडवर येईल का. तसं व्हायचं असेल तर सुरुवात दोन वर्षं उशिरा झाली तरी फारसं काही बिघडत नाही, पण खेळाचा कंटाळा आला की मग कितीही लवकर सुरू केलेलं असू दे, संपलं.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे, आत्ताच कुठला क्लास लावू?

कुठलाच नको. तिला बागेत, गच्चीवर, बिल्डिंगखाली न्या आणि पळू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलंय की ३-४ वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली ६० मिनिटं चांगली दम लागेल अशी असावी, आणि स्क्रीन दिवसाला एक तासाच्या वर नको. तीन तास ऐकून घाबरू नका, जिने चढणं, आजीमागे फिरणं, गाण्यावर नाचणं, पकडापकडी सगळं त्यात धरलंय. या वयात शिकायचं ते पळणं, थांबणं, उडी मारून दोन पायांवर उतरणं, फेकणं, लोंबकळणं, एका पायावर उभं राहणं. लंगडी, लगोरी, दोरी, कोलांटउडी हे आपले खेळ यासाठी इतके चांगले आहेत की त्यासाठी फी भरायची गरजच नाही. एकच अडचण आहे, तुम्हाला सोबत जावं लागतं, आणि खरं तर क्लासची चौकशी बरेचदा त्याचमुळे होते. ते मी समजू शकते, आईवडील दोघं नोकरीवर असले की घरी येईपर्यंत अंधार पडतो. तसं असेल तर असा ग्रुप बघा जिथे नुसतं खेळवतात, हातात रॅकेट देऊन रांगेत उभं करत नाहीत.

मग सहाव्या वर्षी असं काय होतं?

दोन-तीन गोष्टी साधारण एकाच वेळी जमायला लागतात. हवेतून येणारा बॉल आपल्यापासून किती लांब आहे, कधी हातात येईल हा अंदाज लहान मुलाला नसतो. चार वर्षांच्या मुलाकडे बॉल टाकून बघा, तो दोन्ही हात सरळ पुढे करतो, तोंड बाजूला फिरवतो, डोळे मिटतो आणि बॉल छातीवर आपटून खाली पडल्यावर हात जवळ घेतो. तेच मूल सहा-सात वर्षांचं झालं की बॉलकडे बघत राहतं, कोपर वाकवतं आणि एक पाऊल मागे-पुढे सरकतं. हे कोणी शिकवलेलं नसतं, डोळे आणि मेंदू तेवढे तयार झालेले असतात. शिवाय आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, सर सांगतात ते दोन मिनिटं ऐकायचं, आउट झालं की बाहेर जायचं हे पण याच सुमाराला जमतं. पाच वर्षांचं मूल आउट झालं की रडतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. काही मुलं साडेपाचलाच तयार असतात, काही आठ वर्षांची झाली तरी बावरतात, त्यामुळे शेजारच्या पोराकडे बघून ठरवू नका.

प्रत्येक खेळाचं वय वेगळं असतं का?

हो, बऱ्यापैकी.

पोहणं सगळ्यात आधी, आणि हे मी खेळ म्हणून सांगत नाहीये, जीव वाचावा म्हणून सांगतेय. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकॅडमी म्हणते की वर्षाच्या पुढे पाण्याची ओळख आणि शिकवणी सुरू करता येते आणि चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलं व्यवस्थित शिकायला तयार होतात. गावाकडे पाठीला भोपळा नाहीतर मोकळा डबा बांधून काका-मामा विहिरीत उतरवायचे, पाच-सहा वर्षांची पोरं सुट्टीत शिकून मोकळी व्हायची. आता शहरातली कितीतरी मुलं दहावीला गेली तरी पोहता येत नसतं आणि तीच पावसाळ्यात ग्रुपने धरणावर, धबधब्यावर जातात. एवढं मात्र करा, लहान मूल पाण्यात असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, क्लास लावलेला असला तरी आणि कोच शेजारी उभा असला तरी.

जिम्नॅस्टिक आणि मल्लखांब ५ ते ७ मध्ये सुरू करायला हरकत नाही कारण अंग लवचिक असतं, वजन कमी असतं आणि भीती कमी असते. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात किंवा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात लहान पोरं दोरीवर आणि खांबावर किती सहज चढतात ते एकदा मुलांना नेऊन दाखवाच. पण लवकर सुरू करणं वेगळं आणि लवकर घासून घेणं वेगळं. मुलींना ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक खेळायला त्या वर्षात वयाची १६ पूर्ण व्हावी लागतात, हा नियम १९९७ पासून आहे आणि तो लहान पोरींच्या शरीरावर ताण पडू नये म्हणूनच आहे. सिमोन बाइल्सने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं तेव्हा ती २७ वर्षांची होती.

बॅडमिंटन, टेबल टेनिस, टेनिस ७-८ ला. बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूने साधारण आठव्या वर्षी रॅकेट धरली आणि तिचे आईवडील दोघंही व्हॉलीबॉल खेळाडू होते, म्हणजे घरात खेळ होताच. फुटबॉल ६-७ ला, छोट्या ग्राउंडवर आणि कमी पोरांमध्ये. हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, मात्र नको, अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी ते बंदच केलंय. क्रिकेट टेनिस बॉलने कधीही, सीझन बॉलने, म्हणजे चामड्याच्या कडक बॉलने, १०-११ च्या आधी घाई नको. खो-खो आणि कबड्डीला लंगडी-पकडापकडीतूनच जायचं असतं, खो-खोची बॅच मी आठ वर्षांपासून घेते. कबड्डीत अंगावर पडापडी असते म्हणून तिथे वयापेक्षा वजन बघायचं, ३० किलोचं पोर ५० किलोच्या पोराच्या पकडीत द्यायचं नाही.

कुस्तीला तालमीत पोरं पाचव्या-सहाव्या वर्षी पण दिसतात, खाशाबा जाधवांना वडिलांनीच लहानपणी मातीत उतरवलं होतं. लहान पोरांनी तिथे माती उकरावी, जोर-बैठका माराव्यात, कोलांट्या घ्याव्यात, ती माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते त्यात लोळावं. वजन घटवून गटात बसवणं, उपाशी ठेवणं, पाणी तोडणं हे प्रकार मुलांच्या बाबतीत अजिबात व्हायला नकोत. नेमबाजी, तिरंदाजी १०-१२ च्या पुढे, कारण तिथे हत्याराचं वजन पेलणं आणि एका जागी शांत उभं राहणं लागतं. आणि बुद्धिबळ पाच वर्षांपासून खुशाल शिकवा, फक्त ते पळण्याच्या तासातून कापून घेऊ नका.

पण मोठे खेळाडू तर सगळे लहानपणापासूनच एका खेळात होते ना?

सगळे नाही. बुद्धिबळात हो, नागपूरची दिव्या देशमुख पाचव्या वर्षी शिकायला लागली आणि २०२५ मध्ये १९ व्या वर्षी बाटुमीत महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. बुद्धिबळात आणि जिम्नॅस्टिकमध्ये लवकर सुरुवात उपयोगी पडते हे मान्यच आहे. पण सचिनचं उदाहरण पालक नेहमी देतात म्हणून सांगते, तो आचरेकर सरांकडे शिवाजी पार्कला गेला तो ११ वर्षांचा असताना, त्याआधी वांद्र्याच्या साहित्य सहवासमध्ये मित्रांबरोबर खेळत होता आणि टेनिसचं पण वेड होतंच. त्यानंतर त्याने काय मेहनत घेतली आणि १९८९ मध्ये १६ व्या वर्षी कराचीत कसोटी खेळला ते सगळ्यांना माहीतच आहे. पहिली ११ वर्षं आपण विसरतो. रॉजर फेडरर लहानपणी फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन असं सगळं खेळायचा.

मुलगा १३ वर्षांचा आहे, आता सुरू करून काही उपयोग आहे का? सगळे म्हणतात उशीर झाला.

या प्रश्नाला मला नेहमी जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण "आता काय उपयोग" म्हणून मी चांगली चांगली पोरं ग्राउंडपर्यंत न पोचता घरी बसलेली बघितलीत.

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. लहानपणी शाळेत जायला लांब अंतर चालत-पळत जायचा, पण स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, हे कोणी शिकवलेलं नव्हतं, बारावी करून सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला आणि खऱ्या अर्थाने धावपटू म्हणून सुरुवात झाली ती तिथे, विशीत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य आणि २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आता त्याला कुठल्या वयात अ‍ॅकॅडमीत घातलं असतं तर बरं झालं असतं? माझं मत असं की ते शाळेचं पळणंच त्याची पहिली अ‍ॅकॅडमी होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये, म्हणजे तेराव्या-चौदाव्या वर्षी राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, नेमबाजी त्यानंतर निवडली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. १९५२ ला खाशाबांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य जिंकलं त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली आणि ते ज्याने मिळवलं त्याने हा खेळ पहिलीत सुरू केलेला नव्हता. नीरज चोप्रा पण साधारण तेराव्या वर्षी भाल्याकडे वळला, घरच्यांनी पानिपतच्या स्टेडियमवर पाठवलं होतं ते वजन कमी व्हावं म्हणून.

तेरा वर्षांच्या मुलासाठी मी अ‍ॅथलेटिक्स, नेमबाजी, तिरंदाजी, रोइंग, सायकलिंग, बॉक्सिंग, कबड्डी, व्हॉलीबॉल हे आधी बघेन, तिथे उंची, ताकद, दम उपयोगी पडतो आणि तो आत्ताच वाढायला लागलाय. जिम्नॅस्टिकमध्ये देशपातळीवर जायचं म्हणाल तर अवघड आहे, ते खोटं बोलून उपयोग नाही. आणि कुठलंच पदक नाही आलं तरी तो आठवड्यातले पाच दिवस घामाघूम होऊन घरी येतो याची किंमत कमी नाही.

एकच खेळ धरायचा की दोन-तीन चालू ठेवायचे?

बारा वर्षांपर्यंत दोन-तीन, शक्यतो वेगवेगळ्या प्रकारचे, एक पळण्याचा, एक हाताडोळ्यांचा आणि जमलं तर पोहणं. एकाच वेळी तिन्ही क्लास लावा असा याचा अर्थ नाही, पावसाळ्यात एक, थंडीत दुसरा, सुट्टीत तिसरा असं पण चालतं. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला एकाच खेळाकडे वळणं १५-१६ पर्यंत लांबवावं असा आहे, कारण एकच हालचाल वर्षभर करत राहिलं की त्याच सांध्यावर, त्याच हाडावर ताण येत राहतो आणि पोरं कंटाळतात पण लवकर. आपल्याकडे कोच सांगतात की दुसरीकडे जायचं नाही, गेलास तर टीममधून बाहेर. दहा वर्षांच्या मुलाला असं सांगणारा कोच मला पटत नाही, तो स्वतः कितीही मोठा खेळाडू असला तरी.

किती तास प्रॅक्टिस ठीक आहे?

लक्षात ठेवायला सोपा हिशोब आहे, मुलाचं जितकं वय तितक्या तासांपेक्षा जास्त क्लास आणि प्रॅक्टिस आठवड्यात नको. आठ वर्षांचा असेल तर आठ तासांच्या आत, बारा वर्षांची असेल तर बाराच्या आत. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात मिळून तीनेक महिने त्या ठराविक खेळाला आराम, सलग नको, महिना-महिना करून. गल्लीत मित्रांबरोबर खेळतो ते यात धरू नका, ते जितकं होईल तितकं होऊ दे, ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं काहीतरी हवंच आहे. आणि झोप. पहाटे पाचची बॅच, दुपारी शाळा, संध्याकाळी ट्यूशन आणि रात्री साडेअकराला झोपणं, हे जमत नाही हो. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते, पहाटे पाचची बॅच असेल तर रात्री साडेसातला घरात दिवे बंद करायची तयारी ठेवा नाहीतर संध्याकाळची बॅच घ्या.

टाच दुखते, गुडघा दुखतो म्हणतो. नाटक करतोय की खरंच?

खरंच धरून चाला. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ वाढीची जागा असते, तिथे हाड अजून मऊ असतं आणि स्नायूंचा ओढा तिथेच बसतो. साधारण ८ ते १३-१४ मध्ये टाचेच्या मागे दुखतं, १० ते १५ मध्ये गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा असतो तिथे दुखतं आणि कधी कधी तो सुजून टेंगळासारखा हाताला लागतो. पळणारी, उड्या मारणारी पोरं आणि ज्यांची उंची एकदम वाढतेय ती यात जास्त सापडतात. बहुतेक वेळा पळणं-उडी कमी करून, बर्फ लावून, पोटऱ्या आणि मांड्यांचं स्ट्रेचिंग करून बरं होतं, पण लंगडत असेल, रात्री दुखून जाग येत असेल, सूज उतरत नसेल किंवा ताप असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे न्या. चोळून देणाऱ्याकडे नको.

फास्ट बोलिंग करणाऱ्यांच्या आईवडिलांनी हे खास वाचा. पाठीच्या खालच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर होणं हे वाढत्या वयातल्या फास्ट बोलरमध्ये नेहमी दिसणारं दुखणं आहे, म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वयाप्रमाणे एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, किती ओव्हर टाकायच्या यावर मर्यादा घातली आहे. आपल्याकडे सकाळी शाळेची मॅच, दुपारी क्लबचे नेट्स आणि रविवारी सोसायटीची टूर्नामेंट, तिन्हीकडे तोच पोरगा बोलिंग करतो आणि ओव्हर कोणी मोजत नाही. तुम्ही मोजा. कंबर दुखते म्हणाला की बोलिंग बंद, बॅटिंग करू दे.

व्यायामाने उंची खुंटते का? आणि लटकल्याने वाढते का?

दोन्ही नाही. सात-आठ वर्षांपासून स्वतःच्या वजनाचे व्यायाम, बैठका, दंड, रबर बँड, हलकी वजनं हे नीट शिकवणाऱ्यासमोर केलं तर काही धोका नाही, उलट दुखापती कमी होतात. फक्त कोण जास्त वजन उचलतो अशी चढाओढ नको. उंची मुख्यतः आईवडिलांवर, मग खाण्यावर आणि झोपेवर. बारला लटकू दे, खांदे आणि पकड चांगली होते.

मुलगी सहावीत आहे, पाळी सुरू झाली आणि आता खेळायला नको म्हणते.

हे मी दर वर्षी बघते आणि मला याचं फार वाईट वाटतं. पाचवीपर्यंत मुलांना पळून हरवणारी पोरगी सातवीत बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळते. पाळीत खेळायला वैद्यकीयदृष्ट्या काही अडचण नाही, खूप दुखत असेल त्या दिवशी आराम, बाकी दिवस नेहमीसारखं. पण तिला नेमकं काय नको झालंय ते विचारा. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं, ग्राउंडवर टॉयलेट नाही किंवा असून त्याला कडी नाही, पांढरी पँट घालावी लागते, नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा नाही आणि आईला सांगायला लाज वाटते, नाहीतर बॅचमधली पोरं चिडवतात. ट्रॅक पँट गडद रंगाची चालेल का हे कोचला तुम्ही विचारा, तिला विचारायला लावू नका. आणि घरी आजी म्हणाली की आता मोठी झालीस, पुरे तो खो-खो, तर तिथे आईने किंवा बाबांनी उभं राहायचं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, महिलांमध्ये आपण जिंकलो आणि कॅप्टन होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ती फायनल आजीला पण दाखवा.

थकवा, चक्कर, चेहरा पांढुरका दिसणं असेल तर हिमोग्लोबिन तपासा. पाळी सुरू होऊन मग खूप प्रॅक्टिसमुळे महिनोन्महिने बंद झाली तर ते चांगलं लक्षण समजू नका, खाणं कमी पडतंय, डॉक्टरांना दाखवा.

क्लासची पूर्ण फी भरली आणि आता जायचंच नाही म्हणतो. जबरदस्ती करावी का?

आधी कारण काढा. नवीन आहे म्हणून बुजतोय तर तीन-चार आठवडे तुम्ही बाहेर बसा, बहुतेक पोरं रुळतात. कोच ओरडतो, मारतो, किंवा कोणी त्रास देतंय असं वाटलं तर त्याच दिवशी बंद, फी गेली तर जाऊ दे. आणि खेळच आवडत नसेल तर ठरवून घ्या की ही टर्म पूर्ण करू, मग दुसरं काहीतरी निवडू, पण काहीतरी खेळायचंच. गाडीत बसल्या बसल्या मॅचचं पोस्टमार्टम करू नका. तो कॅच कसा सुटला हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त लागलेलं असतं, घरी जाऊन आधी जेवू द्या.

कोच चांगला आहे हे कसं ओळखायचं?

न सांगता एक दिवस जाऊन तासभर बसा. मुलं किती वेळ हलतायत आणि किती वेळ रांगेत उभी आहेत ते बघा, मोठ्या अ‍ॅकॅडमीत पण सहा वर्षांची पोरं अर्धा तास पॅड बांधून नुसती बसलेली असतात. पालकांना बघायला बंदी असेल तर तिथे घालूच नका. वॉर्मअप होतो का, पाण्याचा ब्रेक मिळतो का, विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये नऊनंतर पोरांना उन्हात ठेवतात का, प्रथमोपचाराची पेटी आहे का. बाहेरगावच्या स्पर्धेला कोण सोबत जातंय, मुली असतील तर महिला कोच किंवा मॅनेजर आहे का, राहायची सोय कुठे आहे हे विचारायला संकोच नको. मुलाला पण घरी सांगून ठेवा की कोणी, सर असले तरी, नको तिथे हात लावला किंवा एकट्याला बोलावलं तर लगेच येऊन सांगायचं, तुला कोणी ओरडणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, तक्रार पोलिसात किंवा मुलांच्या हेल्पलाइनवर, १०९८ वर करता येते.

स्पर्धा कधीपासून? आणि मार्कांचा काय फायदा होतो?

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा असतात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. दहा वर्षांच्या आत मी निकाल लावायच्या स्पर्धांना नेत नाही, आपापसात खेळवते. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत जातो, नियम बदलत राहतात म्हणून शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना त्या वर्षीचं परिपत्रक विचारा. सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे. प्रमाणपत्रं लॅमिनेट करून फाइलला लावा.

निवडीत पोरगा मागे पडला तर एक गोष्ट तपासा, त्याचा वाढदिवस कधी आहे. वयोगटाची तारीख १ जानेवारी धरली तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असून एकाच गटात असतो, बारा-तेराव्या वर्षी एवढ्या फरकाने उंचीत आणि जोरात खूप फरक पडतो आणि निवड करणाऱ्यांना वाटतं हा जास्त गुणी आहे. डिसेंबरवाल्याने दम धरायचा, दोन-तीन वर्षांत बरोबरी होते.

जन्मतारीख एक वर्ष पुढची लावली तर? सगळेच करतात म्हणे.

करू नका. क्रिकेटमध्ये खरं वय बघायला हाडांची तपासणी होते, पकडलं की बंदी येते, आणि नाही पकडलं तरी तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची जागा घेतलेली असते. शिवाय लहान गटात जिंकायची सवय लागलेली ही मुलं मोठ्या गटात गेली की पार गोंधळून जातात.

पाय सपाट आहेत, दमा आहे, किंवा अपंगत्व आहे. खेळू शकेल का?

जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचे पाय सपाट होते, सहाव्या वर्षापासून तिने त्यावर मेहनत घेतली आणि २०१६ ला रिओमध्ये व्हॉल्टमध्ये चौथी आली. पाय दुखत नसतील तर सपाट पायांचा बाऊ करू नका. दमा असेल तर डॉक्टरांना विचारून खेळू द्या, इन्हेलर तुमच्या पर्समध्ये नाही, ग्राउंडवर बॅगेत हवा आणि कोचला तो कधी द्यायचा हे माहीत हवं. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंगत्व आलं आणि १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी जिंकलं. सांगलीच्याच सचिन खिलारीने २०२४ ला पॅरिसमध्ये पॅरा गोळाफेकीत रौप्य घेतलं. असं मूल असेल तर सुरुवात पोहण्यापासून करा, आणि शाळेच्या पीटीच्या तासाला त्याला वर्गात बसवून ठेवत असतील तर मुख्याध्यापकांना जाऊन भेटा.

प्रोटीन पावडर द्यायची का?

नको. भाकरी-पोळी, डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, शेंगदाण्याची चिक्की, केळं, चालत असेल तर मासे-मटण. ग्राउंडवर जायच्या तासभर आधी काहीतरी हलकं, आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जेवण. पावडरचे डबे महाग असतात आणि त्यात नेमकं काय आहे याची खात्री नसते.

सुरुवातीला किट काय घ्यावं?

बूट चांगले घ्या, बाकी थांबा. बूट संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, मुलाला उभं करून पुढे अंगठ्याएवढी जागा आहे का बघा, आणि पुढच्या वर्षी पण येतील म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, पाय आत सरकतो आणि घोटा मुरगळतो. मोठ्या भावाचे झिजलेले बूट पण नको. बॅट-रॅकेट पहिले तीन महिने क्लासची वापरू दे, मग मुलाच्या उंचीप्रमाणे घ्या, वडिलांच्या बॅटने खेळणारं पोर बॅट उचलण्यातच दमतं. कुस्ती, मल्लखांब, लंगडीला तर बूट पण लागत नाहीत, खो-खो पण आमच्याकडे मातीवर अनवाणीच सुरू होतो, फक्त आधी ग्राउंडवरून एक चक्कर मारून काचा आणि खडे वेचून घ्या, ते काम मी मुलांकडूनच करून घेते.